साप्ताहिक 'सुट्टी', 'रजा' की 'विश्रांती'?

तरंगिणी
वैमानिकांच्या एका संघटनेसाठी मराठी पत्रक करते आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नव्या ड्यूटी-नियमांत एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की वैमानिकाला दर आठवड्याला जे सलग ४८ तास मोकळे मिळायला हवेत, त्यांच्या जागी त्याची रजा धरता येणार नाही. ५ डिसेंबर २०२५ ला, विमानं धडाधड रद्द होत होती त्या दिवसांत, हे वाक्य मागे घेतलं गेलं. पत्रक त्यावरच आहे. मी लिहिलं, 'साप्ताहिक सुट्टीच्या जागी रजा धरणे अन्यायाचे आहे.' तपासणाऱ्यांचा शेरा आला: 'सुट्टी म्हणजेच रजा. वाक्याला अर्थ नाही.' आमच्या घरी शाळेला सुट्टी असायची आणि बाबा रजा काढायचे. हा फरक कुणी शिकवावा लागला नव्हता. 'विश्रांती' लिहावं तर दुपारी घटकाभर आडवं होणं डोळ्यांपुढे येतं. काय लिहू?

कोशवाचक
फरक आहे आणि तो शब्दांच्या मुळातच आहे. रजा अरबीतून आली, मूळ अर्थ संमती, मर्जी. 'आता रजा घेतो' म्हणतो तेव्हा आपण निघण्याची परवानगीच मागत असतो. सुट्टी 'सुटणे'वरून. रजा दुसऱ्याच्या मर्जीवर असते, सुट्टीत माणूस आपोआप मोकळा होतो. म्हणून अर्ज रजेचा असतो.

निनाद_क
हे पुस्तकात ठीक आहे. आमच्या ऑफिसात सगळे 'दोन दिवस सुट्टी टाकली' असंच म्हणतात आणि साहेबही 'सुट्टी मंजूर' म्हणतात. 'रजा' हा शब्द फक्त फॉर्मवर छापलेला उरलाय. तपासणाऱ्याचं चुकलं नाही, भाषा तिकडे गेली आहे.

अण्णा_गिरणगाव
तरंगिणीताई, 'सुट्टी'च ठेवा, आणि मान ताठ ठेवून ठेवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० पासून. त्याआधी महिन्यातून कधी सणावाराला, यंत्रं पुसायला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. ही सुट्टी कुणी मेहेरबानीने दिलेली नाही, सभा घेऊन, अर्जांवर हजारोंच्या सह्या करून ती घेतली. माझे वडील साचेखात्यात होते. ते 'खाडा', 'रजा' आणि 'सुट्टी' हे तीन शब्द कधी एकमेकांत मिसळत नसत. खाडा केला की पगार कापला जाई, रजेला मुकादमाचं तोंड बघावं लागे आणि सुट्टी हक्काची. वैमानिकाचं दुखणं मला याहून वेगळं दिसत नाही.

उजवी_सीट
मी सहवैमानिक आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'सुट्टी' लिहिलं तर आमचा मुद्दाच पडतो. रविवारची सुट्टी कॅलेंडरवर असते. आमचे ४८ तास कॅलेंडरवर नसतात. ते सलग असावे लागतात, त्यांत दोन स्थानिक रात्री याव्या लागतात आणि एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. आधी हे तास ३६ होते, १ जुलै २०२५ पासून ४८ झाले. हे मौजेसाठी नाही. पहाटे तीन-चारला शरीर झोपेकडे ओढत असताना विमान उतरवायचं असतं, मागे दीडदोनशे माणसं असतात.

रजा धरण्याचा प्रकार कसा चालतो तेही सांगतो. मी बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली. मंजूर झाली. रोस्टर आला तेव्हा त्याच दिवसांवर साप्ताहिक विश्रांतीही दाखवलेली. म्हणजे लग्नात धावपळ करून आलो की नियमानुसार मी ताजातवाना, थेट रात्रीच्या फेऱ्यांना. हिशेब जुळतो, झोप जुळत नाही.

म्हणून आमचं भांडण 'हक्काची सुट्टी कापली' एवढंच नाही. थकलेला माणूस कॉकपिटमध्ये बसतो, हे आहे. 'विश्रांती'च लिहा.

भाषाव्रती
अनुभव मोलाचा आहे. पण एका प्रतिसादात रोस्टर, कॉकपिट, ड्यूटी! कर्तव्यतालिका, वैमानिककक्ष हे शब्द असताना का? 'महापौर' आला तेव्हाही लोक नाकं मुरडत होते, आज तो कुणाला खटकत नाही. पत्रकात जर तुम्हीच मराठी वापरणार नसाल तर रुळणार कधी?

उजवी_सीट
भाषाव्रती, संध्याकाळी सातला मोबाइलवर 'रोस्टर बदलला' असा निरोप येतो, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो 'कर्तव्यतालिका'ने येत नाही. पत्रक ज्यांनी वाचायचं त्यांचा शब्द हाच आहे.

विमानतळी
मी ग्राउंडवर होतो, आता निवृत्त. आमच्यात 'ऑफ' म्हणत. 'उद्या माझा ऑफ आहे.' लोडरपासून हवाई सुंदरींपर्यंत सगळे. यात सुट्टीही आली, विश्रांतीही. तोच वापरा.

मुग्धा_स
विमानतळीकाका, 'हवाई सुंदरी' हा शब्द आता नको ना. तो निव्वळ भाषेचा प्रश्न नाही. लग्न केलं तर, पहिलं मूल राहिलं तर, पस्तिशी आली तर नोकरी जाईल असे नियम त्या शब्दाच्या आधारानेच टिकले. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या या नियमांवरच्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट तेव्हाही राहू दिली. कामाचं नाव 'सुंदरी' ठेवलं की आग विझवणं, दरवाजा उघडून दीड मिनिटात विमान रिकामं करणं हे काम कुणाला दिसतच नाही. केबिन क्रू म्हणा, किंवा विमानसेविका.

भाषाव्रती
'सेविका'ही मग सुटत नाही. विमानपरिचर म्हणा, स्त्रीपुरुष दोघांनाही चालेल.

विमानतळी
मुग्धाताई, खटल्याचं माहीत आहे, त्यातल्या काहीजणींबरोबर मी काम केलंय. शब्द आमच्या पिढीच्या तोंडात बसलेला आहे, त्यात अनादर नाही. तुम्ही म्हणता तर इथे केबिन क्रू लिहीन.

संहिता
मूळ प्रश्नाला एक कायद्याचा धागा जोडते, कारण 'रजा' या शब्दावर आता बरंच काही अवलंबून आहे. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने मोठ्या संख्येने आजारी असल्याचं कळवलं. कंपनीने काहींना काढलं, कामगार आयुक्तांपुढे समेट झाला आणि त्यांना परत घेतलं. वृत्तपत्रांत कुणी 'सामूहिक रजा' लिहिलं, कुणी 'संप'. आज औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तो संपच मानला जातो. आणि संपाला आधी नोटीस हवी, नाहीतर तो बेकायदा. म्हणजे कामगाराने एकट्याने घेतलेली रजा मालकाच्या हिशेबात विश्रांती ठरते आणि सगळ्यांनी मिळून घेतली तर सरकारच्या हिशेबात संप. पत्रकात हे तिन्ही शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत.

कोशवाचक
'संप' निघालाच आहे तर: गुजरातीत संप म्हणजे एकोपा. घरात संप असावा असं तिथे म्हणतात. मराठीतही आधी एकजूट, संगनमत असाच अर्थ होता, काम बंद पाडण्याचा अर्थ नंतर पक्का झाला. ठरवून एकत्र घेतलेल्या रजेला संप म्हणणारा कायदा नकळत जुन्या अर्थाकडेच गेला आहे.

निनाद_क
मग 'हरताळ'चं काय? 'नियमांना हरताळ फासला' म्हणतो तो हरताळ आणि हिंदीतली हडताल एकच ना? नियम बंद पाडले, असा अर्थ.

कोशवाचक
नाही. फासायचा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, संस्कृतात हरिताल. पोथीत चुकलेल्या अक्षरावर ते लावून अक्षर झाकत. पाळायचा हरताळ म्हणजे हट्ट, बाजार, त्याला टाळं. शब्द दोन, उच्चार एक.

अण्णा_गिरणगाव
आणि मालकाने टाळं लावलं तर टाळेबंदी. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरने पगार थकलेल्या माणसांपुढे अंशतः टाळेबंदीच जाहीर केली होती. करोनाच्या वर्षात वृत्तपत्रांनी हाच शब्द लॉकडाऊनला वापरला आणि कामगारांच्या हातचा एक नेमका शब्द गेला. मला याचा राग अजून आहे.

निनाद_क
गेला कुठे, अण्णा? दोन्ही अर्थ चालतात. संदर्भाने कळतं.

तरंगिणी
छापखान्यात आज जायचं आहे. सध्या 'साप्ताहिक विश्रांतीच्या तासांत रजा मोजणे' असं केलंय. तपासणारे आता म्हणतात, 'मोजणे' नको, 'समायोजित करणे' हवं.

भाषाव्रती
समायोजित उत्तम.

उजवी_सीट
कृपा करून 'समायोजित' नको. 'रजेत विश्रांती खपवणे' लिहा. होतं तेच आहे.