क्युरेटिंगनंतर (गर्भपिशवीचं अस्तर खरवडून काढल्यावर) वजन कधी उचलता येतं?

वय 46. दिवाळीपासून पाळी जास्त दिवस चालतेय, गाठी पडतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड झालं, हॉर्मोनच्या गोळ्याही झाल्या. बंद केल्या की पुन्हा तेच. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर 16 मिमी, हिमोग्लोबिन 8.9. पिशवी काढायची घाई नको, आधी क्युरेटिंग करून तुकडा बायोप्सीला पाठवू, असं डॉक्टर म्हणतात. मला पटलंय. पूर्ण भूल देणार, संध्याकाळी घरी. थायरॉईडची गोळी चालू आहे, रक्त पातळ करणारं काही नाही.

माझी खरी काळजी सासूबाईंची. त्या अंथरुणाला खिळल्यात, काखेत हात घालून उठवून बसवावं लागतं. ज्यांचं झालंय त्यांनी कृपया सांगा: असं उचलणं कधी जमलं? आणि थोडं रक्त, कळा येणारच, पण किती रक्तस्राव झाला तर लगेच दवाखाना गाठायचा?