शब्दचर्चा : ‘हार्म रिडक्शन’ला मराठीत काय म्हणावं, आणि ‘गर्दुल्ला’ लिहावं का?

धरमपेठकर :
कॉलेजच्या वार्षिकांकासाठी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराचं ड्रग धोरण कसं बदलत गेलं, यावर लेख लिहून राहिलो. त्या धोरणाचे चार खांब आहेत : प्रतिबंध, उपचार, हार्म रिडक्शन (व्यसन सुटेपर्यंत त्यातून होणारं नुकसान कमी करणं) आणि कायद्याचा बडगा. तिसऱ्यावर गाडी अडली. ‘हानी न्यूनीकरण’ लिहिलं, तर वर्गातल्या कोणालाच अर्थ लागला नाही. शिवाय ‘अमली’ बरोबर की ‘अंमली’? आणि ‘ॲडिक्ट’ला ‘गर्दुल्ला’ चालेल का?

इतवारीकर :
अमली-अंमली दोन्ही चालतं, फक्त एका लेखात एकच ठेवा. मूळ अरबी ‘अमल’. मराठीत ‘अंमल’ म्हणजे सत्ता, त्यावरून अंमलबजावणी आणि पोलीस अंमलदार. ‘अंमल’ म्हणजे कैफसुद्धा : ‘भांगेचा अंमल चढला’. कायद्याच्या मराठी नावात मात्र ‘अंमली’ नाहीच. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे देशाच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ आणि ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ असे शब्द आहेत. आणि भांग-गांजा एकत्र लिहू नका. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. म्हणून पानांची भांग राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली येते.

महालकर :
‘गर्दुल्ला’ नको, भाऊ. कळकळीनं सांगतो. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची भुकटी, आली, तिच्यासोबत हा शब्द रुळला. गर्द म्हणजे धूळ, भुकटी. ती ओढणारा तो गर्दुल्ला. बातम्यांमध्ये तो चोरी, फलाट, पुलाखालची जागा यांच्याच शेजारी दिसतो. हा शब्द वाचला की वाचक माणूस पाहायचा थांबतो. त्याच काळात, 1986 मध्ये, सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे त्याच माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. एकाच दशकातले हे दोन शब्द, आणि दोन्हींमागचं धोरण वेगळं.

तुझ्या झुरिकची गोष्टही अशीच वाच. ऐंशीच्या दशकात तिथे आधी सुया वाटण्यावरच आडकाठी होती. एकच सुई अनेकांच्या हातात फिरली आणि एचआयव्ही पसरला. मग मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत पोलिसांनी काणाडोळा केला. माणसं उघड्यावर टोचून घेऊ लागली, डॉक्टर तिथेच जाऊन स्वच्छ सुया देऊ लागले. 1992 च्या फेब्रुवारीत बागेला कुलूप लागलं. झालं काय? गर्दी लेटनच्या बंद पडलेल्या स्थानकात जाऊन बसली. तेही 1995 मध्ये बंद केलं, पण तोवर निवारे, देखरेखीखाली नशा करायच्या खोल्या आणि 1994 पासून अगदी जुन्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीत हेरॉइन देणं, अशी सोय उभी राहत होती. म्हणून या वेळी गर्दी पुन्हा तशी जमली नाही. 2008 च्या सार्वमतात 68 टक्के स्विस मतदारांनी हे धोरण कायद्यात आणायला होकार दिला. लेखात जोर यावर दे. 1992 आणि 1995, दोन्ही वेळी कुलूपच लावलं. फरक पडला तो मधल्या तीन वर्षांतल्या सोयींनी.

आता शब्द. मी ‘नुकसान आवरणं’ म्हणेन. पसारा आवरतो, राग आवरतो, तसं नुकसानही आवरता येतं. सगळं संपलं असा दावा त्यात नाही. ‘व्यसनमुक्ती’ इथे अजिबात वापरू नको. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस जिवंत राहिला पाहिजे, हा या खांबाचा अर्थ आहे. ही परदेशी चैन आहे असंही लिहू नको. आपल्याकडे नॅकोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमात सुईनं नशा टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया आणि ओएसटी, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेऐवजी द्यायचं पर्यायी औषध, मिळते. ओएसटी केंद्रात रोज जायचं, बुप्रेनॉर्फिनची गोळी कुटून जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसून राहायचं. तेवढा वेळ कोणीतरी रोज त्या माणसाचा चेहरा पाहतं, जेवलास का विचारतं. नुकसान असं आवरलं जातं.

धरमपेठकर :
धन्यवाद भाऊ, ‘गर्दुल्ला’ काढला. शेवटी ‘नागपूरचं ड्रग धोरण’ असा परिच्छेद टाकू का?

महालकर :
तसं शीर्षक नको. कायदा दिल्लीचा, पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. महानगरपालिकेला यात स्वतःचा कायदा करता येत नाही. ‘नागपुरात काय होतं’ असं लिही. आपलं शहर रेल्वेच्या मोठ्या जंक्शनवर, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांचं क्रियापद ठरलेलं : ‘पकडला’. गांजा पकडला, एमडी पकडली. एमडी म्हणजे मेफेड्रोन हा कृत्रिम अमली पदार्थ, 2015 मध्ये एनडीपीएस कायद्याच्या यादीत आला. वाहतूक करणाऱ्याला ‘पकडला’ ठीक आहे. पण 2001 च्या दुरुस्तीनंतर कायदाच अल्प मात्रा आणि व्यापारी मात्रा वेगळी धरतो : गांजा 1 किलोपर्यंत अल्प, 20 किलोच्या वर व्यापारी, हेरॉइन 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. कलम 64अ तर म्हणतं, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. हे कलम लेखात आलंच पाहिजे. घरात असा पोरगा असलेल्या किती आईबापांना ते माहीत असेल?

इतवारीकर :
‘व्यसनी’ तरी चालेल ना? कायद्याच्या मराठीतही तोच शब्द आहे.

महालकर :
चालेल, ताई, कलम सांगताना. एरवी ‘व्यसनात अडकलेला माणूस’. शब्द लांबतो, लांबू द्या. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपण आजही पागलखाना चौकच म्हणतो, रिक्षावाल्यालाही तेच सांगतो. आत उपचार केव्हाचे बदलले, चौकाचं नाव चिकटलं ते चिकटलं. ‘गर्दुल्ला’ही तसाच चिवट आहे, म्हणून छापताना तरी टाळायचा. धरमपेठकर, तुझं वाक्य असं कर : ‘1992 मध्ये झुरिकनं बाग बंद केली, व्यसनात अडकलेल्या माणसांचं नुकसान आवरायला शहर त्यानंतर शिकलं.’