मदत हवी आहे: विंडोज ११चा अपडेटसकट आयएसओ बनवला, आता पुढचं एकही अपडेट बसत नाही

चोवीस_खुर्च्या (शुक्रवार, रात्री ९.१२)
विंडोज ११ प्रोचा स्वतःचा आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) बनवलाय. लेटेस्ट अपडेट, डॉटनेट ३.५ आणि मंगल फाँट आधीच आत घातलेत, म्हणजे प्रत्येक मशीनपुढे बसून डाउनलोड करत राहायला नको. इन्स्टॉल एकदम व्यवस्थित होतं. त्यानंतर मात्र विंडोज अपडेट चालवलं की डाउनलोड होतं आणि बसताना फेल. चार मशीन झाली, चारही तशीच. ट्रबलशूटर चालवला, सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन फोल्डर रिकामा केला, एसएफसी (सिस्टिम फाइली तपासणारी कमांड) केलं, काही फरक नाही. लॅबमध्ये एकूण २४ मशीन आहेत आणि सोमवारी सकाळी टायपिंगची बॅच बसतेय. लवकर सांगा प्लीज. गुगल करा म्हणू नका, दोन दिवस तेच चाललंय.

पाथरवट (९.२०)
विंडोज ११ची कुठली आवृत्ती, २३एच२, २४एच२ की २५एच२? आयएसओ कशाने बनवला, हाताने डिझम (विंडोजची इमेज बदलायची कमांड) वापरून की एखाद्या तयार साधनाने? एरर कोड काय? आणि 'लेटेस्ट' म्हणजे कुठल्या महिन्याचं अपडेट? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गुरुकिल्ली (९.२६)
मशीन ब्रँडेड असतील तर लायसन्स बायोसमध्येच असतं. इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल. फक्त बायोसमधली की होमची असेल तर प्रो अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही, तेवढं पाहून घ्या.

चोवीस_खुर्च्या (९.३१)
अ‍ॅक्टिव्हेशनचा प्रश्नच नाहीये. २४एच२ आहे. डिझमनेच केलं. एरर कोड आत्ता समोर नाही, मी घरी आहे. अपडेट लेटेस्टच होतं.

वनवासी_पेंग्विन (९.४०)
टायपिंगच्या लॅबला विंडोज हवंच कशाला? लिनक्स मिंट टाका. इनस्क्रिप्ट कळफलक आयबसमध्ये तयार असतो, नोटो सान्स देवनागरी फाँट मिळतो, आणि एक मशीन नीट लावून क्लोनझिलाने बाकीच्या २३वर ओतलं की संपलं.

चोवीस_खुर्च्या (९.४३)
टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्याला डॉटनेट ३.५ लागतं. म्हणून तर हे सगळं.

घडणावळ (९.५१)
हाताने डिझमच्या कमांड देत बसण्यापेक्षा एनटीलाइट वापरा. अपडेट, ड्रायव्हर आणि फीचर एकाच पडद्यावर दिसतात आणि क्रम ते स्वतः लावतं. एक चेतावणी मात्र आहे: त्यात घटक काढून टाकायची सोय आहे, तिला हात लावू नका. सर्व्हिसिंगला, म्हणजे अपडेट बसवायच्या यंत्रणेला, लागणारा एखादा तुकडा गेला की पुढची क्युम्युलेटिव्ह (आधीची सगळी सामावणारी) अपडेट अडायला लागतात.

पाथरवट (९.५५)
साधन कुठलंही असो, आत काय गेलंय हे आधी कळायला हवं. चोवीस_खुर्च्या, आयएसओमधल्या इन्स्टॉल.विम या इमेज-फाइलवर डिझमची गेट-विमइन्फो कमांड चालवा, इंडेक्स (फाइलीतल्या एडिशनचा) क्रमांक देऊन. 'सर्व्हिसपॅक बिल्ड' अशी एक ओळ येते. त्यापुढचा आकडा इथे लिहा. शिवाय तुम्ही कुठली पायरी कशानंतर केली, तेही क्रमाने लिहा.

चोवीस_खुर्च्या (१०.१४)
सर्व्हिसपॅक बिल्ड: २०३३.
क्रम: विम माउंट केली (फोल्डरसारखी उघडली), अपडेटची एमएसयू फाइल घातली, मग डॉटनेट ३.५ चालू केलं, मग मंगलची कॅब (फाँटचं पॅकेज), मग क्लीनअप (जुन्या फाइली काढणं). क्लीनअपला ८००एफ०८०६ असा एरर आला होता, पण सेव्ह झाली म्हणून पुढे गेलो. बूट.विमला (सेटअप सुरू करणारी इमेज) हात लावलेला नाही.

पंगतीचा_क्रम (१०.२२)
इथेच चुकलं. भाषा, फाँट आणि बाकीची ऑप्शनल फीचर नेहमी क्युम्युलेटिव्हच्या आधी घालायची. त्या कॅबमध्ये मूळ बिल्डच्या फाइली असतात. नंतर घातल्या की इमेजमध्ये नवं-जुनं एकत्र होतं आणि क्युम्युलेटिव्ह पुन्हा द्यावं लागतं. क्रम उलटा झाला म्हणूनच अपडेट बसत नाही.

पाथरवट (१०.३८)
क्रम उलटा आहे हे खरं, पण अपडेट अडण्याचं कारण ते नाही. फाँटच्या कॅबमध्ये टीटीएफ फाइली आणि त्यांची नोंद एवढंच असतं, तेवढ्याने सर्व्हिसिंग बंद पडत नाही. खरं कारण २०३३ या आकड्यात आहे. २६१००.२०३३ म्हणजे ८ ऑक्टोबर २०२४ चं अपडेट, केबी५०४४२८४. ते लेटेस्ट नाही.

२४एच२ची ही अडचण मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केली होती. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चं सुरक्षा अपडेट आत घातलेल्या मीडियावरून (आयएसओ किंवा पेनड्राइव्ह) इन्स्टॉल केलं, तर ते मशीन पुढची सुरक्षा अपडेट न स्वीकारणाऱ्या अवस्थेत अडकू शकतं. ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळात आलेल्या अपडेटपुरतंच हे आहे. नेहमीच्या मार्गाने, म्हणजे विंडोज अपडेटमधून तीच अपडेट घेतली तर काही होत नाही. मीडियात मिसळली तरच त्रास. उपायही त्यांनीच सांगितला: १० डिसेंबर २०२४ चं अपडेट, केबी५०४८६६७, बिल्ड २६१००.२६०५, किंवा त्यानंतरचं कुठलंही घालून मीडिया नव्याने बनवा.

एसएफसी आणि रिकाम्या फोल्डरने फरक पडला नाही, कारण बिघाड डाउनलोडमध्ये नव्हताच.

पंगतीचा_क्रम (१०.४५)
ठीक, मुख्य कारण तुमचं मान्य. पण ८००एफ०८०६ तरी क्रमामुळेच आला ना?

पाथरवट (१०.५२)
हो, तो क्रमामुळेच. डॉटनेट ३.५ ऑफलाइन चालू केलं की इमेजमध्ये 'पहिल्या बूटला पूर्ण करायचं' असं काम शिल्लक राहतं. काम शिल्लक असताना क्लीनअप चालत नाही, ८००एफ०८०६चा अर्थच तो. म्हणून क्लीनअप आधी, डॉटनेट नंतर.

चोवीस_खुर्च्या (१०.५८)
बरोबर. अपडेट घातलेली इमेज ऑक्टोबर २०२४ मध्येच बनवून ठेवली होती, आता फक्त मंगल आणि डॉटनेट वाढवलं. मूळ आयएसओ अजून आहे, त्याचा आकडा १७४२. आता नेमकं काय करू? पायऱ्या द्या.

पाथरवट (११.३०)
२०३३वाली इमेज बाजूला ठेवा, तिच्यावर काहीही चढवू नका. १७४२पासून सुरुवात करा. डिझम इमेजच्या बरोबरीचा किंवा नवा हवा. विंडोज १०च्या मशीनवर काम करत असाल तर २४एच२चं एडीके (मायक्रोसॉफ्टचा साधनसंच) टाकून त्यातला डिझम घ्या. सगळं काम आतल्या एनटीएफएस डिस्कवर करा, पेनड्राइव्हवर नको. ३० जीबी मोकळी ठेवा.

आयएसओतलं सगळं एका फोल्डरमध्ये उतरवा. इन्स्टॉल.विम आणि बूट.विम यांचा रीड-ओन्ली गुणधर्म काढा, नाहीतर माउंट करताना सी१५१०१११ येईल. मल्टि-एडिशन आयएसओत प्रो सहसा इंडेक्स ६ला असतं. गेट-विमइन्फोने खात्री करा आणि एक्स्पोर्ट-इमेजने फक्त तेवढंच वेगळं काढा. अकराच्या अकरा एडिशन ओढत बसायचं कारण नाही. मीडिया क्रिएशन टूलवाला आयएसओ असेल तर आत इन्स्टॉल.ईएसडी सापडेल. ती थेट माउंट होत नाही, एक्स्पोर्ट करून आधी विम करावी लागते.

माउंट झाल्यावर पहिल्यांदा मंगलची कॅब. मग क्युम्युलेटिव्ह. इथे २४एच२ची खास गोष्ट आहे: चेकपॉइंट. सप्टेंबर २०२४ चं केबी५०४३०८० हा चेकपॉइंट आहे आणि पुढची अपडेट त्याच्यावर रचलेली असतात. ती एमएसयू आणि तुम्हाला हव्या त्या महिन्याची एमएसयू, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरमध्ये तिसरी फाइल नको. अ‍ॅड-पॅकेजला पाथ फक्त नव्या एमएसयूचा द्या, गरज पडली तर चेकपॉइंट डिझम स्वतः उचलतो. मग स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप. तो बिनतक्रार झाला तरच पुढे जा.

त्यानंतर सोर्सेस फोल्डरातल्या एसएक्सएसमधून डॉटनेट ३.५, त्यावर डॉटनेटचं वेगळं क्युम्युलेटिव्ह. कमिट करून अनमाउंट. सी१४२०११७ आला तर माउंट फोल्डर एक्सप्लोररमध्ये किंवा दुसऱ्या कमांड खिडकीत उघडा आहे असं समजा. शेवटी पुन्हा एक्स्पोर्ट, साइज उतरते.

बूट.विमच्या दोन्ही इंडेक्सनाही तेच क्युम्युलेटिव्ह द्या. तिथे ८००७००७ई दिसला तर थांबू नका, एकत्रित पॅकेजची ती माहीत असलेली तक्रार आहे, मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्टमध्येही ती दुर्लक्षित केलेली आहे. मग बूट.विमच्या इंडेक्स २ मधून सेटअप.ईएक्सई आणि सेटअपहोस्ट.ईएक्सई काढून मीडियाच्या सोर्सेस फोल्डरमध्ये जुन्यांवर टाका. हे विसरू नका.

मात्रा_वेलांटी (११.४१)
मंगलची कॅब कशाला? विंडोजमध्ये निर्मला यूआय आहेच की, मराठी त्यात छान दिसतं.

पंगतीचा_क्रम (११.४८)
दिसतं, पण जुळत नाही. विंडोज १०पासून मंगल मूळ इन्स्टॉलमध्ये नसतो, अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्यासोबत देवनागरीच्या पुरवणी फाँटमध्ये गेला. वर्डची फाइल मंगलमध्ये बनवलेली असेल आणि फाँट नसेल, तर वर्ड बदली फाँट घेतो. फाँटच्या डब्यात नाव मंगलच दिसतं, मात्र ओळींची उंची बदलते आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. टायपिंगच्या उताऱ्याला हे चालत नाही.

मात्रा_वेलांटी (११.५३)
हे माहीत नव्हतं. म्हणजे जुन्या फाइलीत काना-मात्रा सरकल्यासारख्या दिसतात तेही यामुळेच?

पंगतीचा_क्रम (११.५९)
नाही, ते वेगळं. ती फाइल बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली असेल. तिथे अक्षरांचे संकेतच इंग्रजीचे असतात, फाँट बदलून भागत नाही, कन्व्हर्टर लागतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

घडणावळ (शनिवार, सकाळी ७.१५)
एवढा खटाटोप नको असेल तर दुसरा रस्ता. एक मशीन ताजं करा, पहिल्या स्क्रीनवर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जा, सगळं टाका, सिसप्रेप करून (इतर मशीनवर बसेल अशी तयारी करून) त्याची इमेज कॅप्चर करा.

पाथरवट (७.४०)
टायपिंग सॉफ्टवेअर आधीच टाकून द्यायचं असेल तर हाच रस्ता बरा. पण २४एच२मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं आणि बिटलॉकर (तेच एन्क्रिप्शन) चालू असताना सिसप्रेप होत नाही. ते आधी बंद करून डिक्रिप्शन पुरतं संपू द्यावं लागतं. ऑडिट मोडमध्ये स्टोअरमधून अ‍ॅप अपडेट झाली तरी सिसप्रेप अडतो, म्हणून तिथे नेट काढून ठेवा. सोमवार डोक्यावर असताना मी नवा रस्ता धरणार नाही.

चोवीस_खुर्च्या (दुपारी १.०५)
सगळं केलं. गेट-विमइन्फोत आकडा नवा दिसतोय, क्लीनअपही बिनतक्रार झाला. पण आता सेटअपच पूर्ण होत नाही! भाषा निवडली, पुढे गेलो की एररची खिडकी येऊन बंद. काल निदान इन्स्टॉल तरी होत होतं. आणि विम ५.३ जीबीची झाली, फॅट३२ पेनड्राइव्हवर जाईना म्हणून एनटीएफएस केला.

पंगतीचा_क्रम (१.१२)
पेनड्राइव्ह एनटीएफएस केला म्हणूनच. यूईएफआयला (नव्या मशीनचं फर्मवेअर) फॅट३२ लागतं.

पाथरवट (१.१८)
तसं असतं तर भाषेच्या पडद्यापर्यंत पोचलेच नसते. बूट झालं आहे, पुढे अडलं आहे. सेटअपच्या दोन्ही फाइली बदलल्या का? बूट.विममधली आणि सोर्सेसमधली अशा दोन्हींवर राइट क्लिक करून डिटेल्समध्ये फाइल व्हर्जन बघा.

चोवीस_खुर्च्या (१.३३)
सेटअप.ईएक्सई बदलली होती, दोन्हीकडे सारखी आहे. सेटअपहोस्ट राहिली. सोर्सेसमध्ये जुनीच आहे.

पाथरवट (१.३६)
तेच. बूट.विम नवी आणि सोर्सेसमधली फाइल जुनी, असा बेमेळ झाला की सेटअप मध्येच पडतो. ती बदला.

पेनड्राइव्हचंही आत्ताच करून टाका, म्हणजे प्रत्येक मशीनच्या फर्मवेअरवर अवलंबून राहायला नको. एनटीएफएसवरून काही मशीन बूट करतात, काही करत नाहीत. फॅट३२ला एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून डिझमच्या स्प्लिट-इमेजने इन्स्टॉल.विमचे तुकडे करा, फाइलसाइज ३८०० द्या. इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम आणि इन्स्टॉल२.एसडब्ल्यूएम तयार होतील. दोन्ही सोर्सेसमध्ये ठेवा आणि मोठी विम तिथून काढून टाका. सेटअप तुकडे स्वतः ओळखतो. पेनड्राइव्ह फॅट३२ करून सगळं नुसतं कॉपी केलं की यूईएफआयवर बूट होतो, आयएसओ बांधायचीही गरज नाही.

चोवीस_खुर्च्या (४.५०)
झालं. फॅट३२वरून नीट बूट झालं, पाचव्या मशीनवर इन्स्टॉल होऊन विंडोज अपडेटमधलं पुढचं अपडेटही बसलं. वर्डमध्ये मंगल येतोय, टायपिंग सॉफ्टवेअर उघडतंय. आता त्या आधीच्या चार मशीनचं काय? दोनवर मुलांच्या फाइली आल्यात.

पाथरवट (५.०५)
त्या दोनवर फॉरमॅट नको. विंडोज चालू असताना नवा पेनड्राइव्ह लावा, त्यातली सेटअप.ईएक्सई चालवा, 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडा. सगळी विंडोज नव्या इमेजमधून पुन्हा बसते. तो पर्याय फिकट दिसला तर भाषा तपासा. बसलेली इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि मीडिया इंग्लिश इंटरनॅशनल असं असेल तर अ‍ॅप्स ठेवू देत नाही. तरीही फाइलींची कॉपी आधी बाहेर काढा. उरलेल्या दोन सरळ फॉरमॅट करा, वेळ वाचेल.

चोवीस_खुर्च्या (रात्री ८.२०)
दोन्ही मशीन वाचली, फाइली जागेवर. ११ मशीन झाली, १३ उद्या.

गुरुकिल्ली (८.३१)
यातल्या होमच्या की असलेल्या मशीनवर प्रो टाकलं असेल तर ती अ‍ॅक्टिव्हेट झाली का ते आत्ताच बघा, सेटिंग्स, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन.

चोवीस_खुर्च्या (८.४४)
बघितलं. तीन मशीन होमची निघाली, अ‍ॅक्टिव्हेट झालेली नाहीत. त्यांच्यासाठी मूळ आयएसओतून इंडेक्स १ काढून तीच पायरी पुन्हा करतोय.