पब्लिशरची नोकरी सोडून स्वतंत्र होताना सोबत काय येतं, मागे काय राहतं?

सोंगटी:

नमस्कार मंडळी. इथले धागे नेमाने वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी गेम डिझायनर आहे. लेव्हल आखण्यापासून सुरुवात केली, आज एका मोठ्या पब्लिशरच्या (गेमसाठी पैसे घालून तो बाजारात आणणारी कंपनी) स्टुडिओत डिझाइनची सगळी टीम माझ्याकडे आहे. उमेदीची वर्षं एकाच मालिकेवर गेली. टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करत, चोरपावलांनी खेळायची मालिका. तिचा गाभा असा की प्रत्येक चालीची किंमत वेळेत मोजायची. कुलूप उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पहारेकरी किती घरं पुढे येईल हे पटावर दिसतं. मग खेळाडू ठरवतो, कुलूप आत्ता उघडायचं की आधी दिवा विझवायचा. हे सगळं मी कागदाचे चौकोन कापून, टेबलावर सरकवत शोधलं होतं. अजूनही एखादा अनोळखी माणूस खेळता खेळता थांबतो, पुढे वाकून मनात हिशेब करतो, ते बघताना जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशातच मिळत नाही.

आता पुढच्या भागासाठी वरून आदेश आलाय. रोज लॉगिन केलं की बक्षीस, दर मोसमाला विकायला नवं सामान, आणि 'खेळाडूचा थांबून विचार करण्याचा वेळ कमी करा' अशी स्पष्ट सूचना. मी माझं म्हणणं आकड्यांनिशी मांडलं, निर्णय काही बदलला नाही. पैसा त्यांचा, हक्क त्यांचा. पण ते थांबणंच मोडायचं काम माझ्या हातून होणार नाही. बाहेर पडायचं जवळजवळ नक्की केलंय.

मालिकेचं नाव, पात्रं, ते जग मागे राहणार हे ठाऊक आहे. पण ती वेळेची पद्धत दुसऱ्या गेममध्ये वापरता येईल का? शिवाय रात्री घरी बसून एका नव्या गेमचा छोटा प्रोटोटाइप, म्हणजे खेळून बघण्यापुरता कच्चा नमुना, केलाय, तो माझाच ना? आणि पैशासाठी क्राउडफंडिंगकडे, म्हणजे थेट लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याकडे, जावं की एखाद्या छोट्या पब्लिशरकडे? ऑफिसातले दोघं सोबत यायला तयार आहेत, एक प्रोग्रामर आणि एक चित्रकार.

मसुदावाचक:

गेम कंपन्यांचे करार वाचणं हाच माझा व्यवसाय आहे. प्रोटोटाइपपासून सुरुवात करतो, कारण खरी घाई तिथे आहे.

तुमचा नोकरीचा करार काढा आणि त्यात कामाच्या वेळेबाहेर केलेल्या निर्मितीबद्दल काय लिहिलंय ते बघा. गेम कंपन्यांच्या करारांत हे कलम बहुतेक वेळा असतंच. घरी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, सुट्टीच्या दिवशी केलेलं कामही त्यानुसार कंपनीचं ठरू शकतं. जागेगणिक कायदा बदलतो. कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेल्या कामाला कायद्याचं संरक्षण आहे, पण मालकाच्या धंद्याशी संबंध असलेलं काम त्यातून वगळलेलं आहे. गेम कंपनीतल्या डिझायनरने केलेला गेम नेमका त्या वगळलेल्या भागात जाऊन बसतो. तेव्हा राजीनाम्याआधी तुम्ही राहता तिथल्या वकिलाला करार दाखवा. मग दोनच सरळ रस्ते आहेत. एकतर कंपनीकडून 'यावर आमचा दावा नाही' असं लेखी घ्या, नाहीतर हा प्रोटोटाइप तिथेच सोडा आणि शेवटचा दिवस उलटल्यावर कोऱ्या फाइलपासून सुरुवात करा. दुसरा रस्ता जिवावर येतो हे कळतं, पण पुढे एखादा पब्लिशर पैसे घालायला आला की 'हे कधी आणि कुठे बनवलं' हे तो विचारणारच.

त्या दोघांबद्दलही जपून. सोडून गेल्यावर काही काळ जुन्या सहकाऱ्यांना ओढून न्यायचं नाही, असं कलम करारात असू शकतं. त्यांच्याशी ऑफिसच्या चॅटवर यातलं अक्षरही बोलू नका.

पद्धतीबद्दल मात्र निश्चिंत राहा, निदान कॉपीराइटपुरतं. नियमांवर, खेळण्याच्या रीतीवर कॉपीराइट नसतो, तो असतो त्या नियमांना दिलेल्या रूपावर. २०१२ साली अमेरिकेत टेट्रिसच्या मालकांनी झिओ नावाच्या कंपनीवरचा दावा जिंकला. तुकडे खाली पडतात आणि ओळ भरली की नाहीशी होते, ही कल्पना कुणीही घ्यावी असंच कोर्ट म्हणालं. झिओ अडकली ती तुकड्यांचं रूप, रंगवण्याची रीत, पटाची मापं जशीच्या तशी उचलली म्हणून. तुमचा पट, चिन्हं, पहारेकऱ्याची वाट दाखवणारी रेघ हे सगळं नव्याने आखा. फक्त पेटंट निघालंय का ते बघून घ्या. वॉर्नर ब्रदर्सने शत्रूंची वैरं आणि हुद्दे लक्षात ठेवणाऱ्या नेमेसिस पद्धतीचं पेटंट २०२१ साली मिळवलं होतं. तुमच्या पद्धतीचं निघालं असेल तर शोधक म्हणून तुमची सही घेतली गेली असेल. आठवून बघा.

ज्वारभाटा:

सोंगटी, तुमचं ते 'थांबणं' वाचून फार बरं वाटलं. मीही असाच बाहेर पडलो, आता चार जणांचा स्टुडिओ चालवतो. कायद्याचं वर आलंच आहे, मी कामाबद्दल सांगतो.

ही वाट जुनी आहे. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चार प्रोग्रामर अटारी या गेम कंपनीतून बाहेर पडले. त्यांचे गेम धो धो विकले जात होते आणि खोक्यावर त्यांचं नाव नव्हतं. संगीत क्षेत्रातून आलेल्या जिम लेव्हीला बरोबर घेऊन त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि बनवणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात केली. अटारीने दावा ठोकला, तो शेवटी तडजोडीत मिटला. कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) बनवणाऱ्या कंपनीखेरीज दुसऱ्याने त्या कन्सोलसाठी गेम काढायची प्रथा तिथून पडली. नाव मिळावं म्हणून माणसं घर सोडतात, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

पण तुमच्या कामाची उदाहरणं अलीकडची आहेत. केइजी इनाफुने २०१० मध्ये कॅपकॉम या जपानी गेम कंपनीतून बाहेर पडले, कोजी इगाराशी २०१४ मध्ये कोनामी या तिथल्याच दुसऱ्या कंपनीतून. दोघांच्याही नावाशी जोडलेली मालिका मागेच राहिली, दोघांनीही तिच्या वळणाचा नवा गेम मांडून किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर पैसे उभे केले. इनाफुनेंच्या मायटी नंबर ९ ला २०१३ मध्ये ३८ लाख डॉलरच्या वर मिळाले, इगाराशींच्या ब्लडस्टेन्डला २०१५ मध्ये सुमारे ५५ लाख. पहिला तारखा पुढे ढकलत २०१६ मध्ये आला आणि लोकांची घोर निराशा झाली. दुसराही दोनेक वर्षं उशिराच, २०१९ मध्ये आला, पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. मधल्या काळात त्याच्या दिसण्यावर सडकून टीका झाली होती. त्यांनी त्या प्रतिक्रिया आपल्याच ट्रेलरमध्ये दाखवल्या, मग सुधारलेली दृश्यं शेजारी ठेवली. कबूल केलेल्यांपैकी वी यू आणि व्हिटा हे प्लॅटफॉर्म, म्हणजे गेम चालतो ती यंत्रं, ब्लडस्टेन्डने वाटेत सोडले. मायटी नंबर ९ ने मात्र प्लॅटफॉर्मची भलीमोठी यादी अखेरपर्यंत उरावर वागवली. दोन्ही गेममध्ये इतर फरकही पुष्कळ आहेत, पण माझ्या मते हा सर्वांत मोठा.

मला सांगायचंय ते हेच. अनुभवी डिझायनरचा हात मोठ्या टीमच्या मापाचा झालेला असतो. टिम शेफर या डिझायनरने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाख मिळाले, आणि त्याबरोबर गेमही फुगला. शेवटी ब्रोकन एज दोन भागांत काढावा लागला, पहिला २०१४ मध्ये, दुसरा २०१५ मध्ये. शेफर काही नवखे नव्हते. कल्पना मोठी सुचणं ही आपल्या लोकांची सवयच आहे आणि पब्लिशरकडे 'नाही' म्हणायला कुणीतरी पगारी माणूस असतो. बाहेर तो नसतो.

एक अगदी जवळचं उदाहरण देतो: शिडी. मोठ्या स्टुडिओत तुम्ही डॉक्युमेंटमध्ये लिहिता, 'पात्र शिडी चढतं', आणि पुढच्या विषयाकडे वळता. त्या तीन शब्दांमागे काय काय असतं बघा. शिडी धरण्याचं अ‍ॅनिमेशन, चढण्याचं, उतरण्याचं, वर पोचल्यावर अंग उचलून घेण्याचं. हातात कंदील असेल तर तो कुठे जातो? पहारेकऱ्यालाही चढता येतं का, आणि येत असेल तर वाट शोधण्याच्या कोडला दोन मजले जोडावे लागतात. कॅमेरा भिंतीत घुसतो. दोन पात्रं एकाच शिडीवर समोरासमोर आली तर मागे कोण सरकणार? खेळाडूने अर्ध्या शिडीवर गेम सेव्ह केला तर? तुमच्या गेममध्ये तर पायरीगणिक वेळ मोजावी लागणार. चार जणांच्या स्टुडिओत हे सगळं त्याच दोन माणसांच्या डोक्यावर येतं. आम्ही शिड्या काढूनच टाकल्या. सगळी इमारत उतारांवर आणि मोठ्या पायऱ्यांवर आखली, आणि त्यातून वर-खाली दिसण्याचा असा खेळ निघाला जो शिड्या असताना सुचलाच नसता.

प्रोटोटाइप पुन्हा करायची वेळ आली तर हेच करा. जे काढलं तरी तुमचं ते थांबणं शाबूत राहतं, ते काढा.

दुसरीपाळी:

मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून एवढंच. पब्लिशर आमच्यासाठी काय करतो असं वैतागून म्हणणारे डिझायनर खूप बघितलेत. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम आपोआप थांबतो का, सेव्ह चालू असताना मशीन बंद केलं तर जुनी फाइल वाचते का, जर्मनमधला लांबलचक शब्द बटणाच्या बाहेर तर जात नाही ना, वयोगटाचं प्रमाणपत्र मिळालं का. कन्सोलवर यायचं तर अशा अटींची जाडजूड यादी असते आणि एखादी महत्त्वाची अट चुकली की बिल्ड, म्हणजे तपासायला दिलेली गेमची प्रत, परत येतो. सोंगटी, तुमच्या आजच्या स्टुडिओत हे कोण करतं ते जाण्याआधी बघून ठेवा, त्यांच्याशी बोला. पहिला गेम फक्त पीसीवर काढलात तर यातलं बरंच ओझं टळेल.

सोंगटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटंट नाही, खात्री करून घेतली. करारात ते घरच्या कामाचं कलम आहे, आणि चांगलं ऐसपैस आहे. लेखी परवानगी मागायची म्हणजे हेतू उघड करायचा, त्यापेक्षा प्रोटोटाइप सोडून द्यायचं ठरवलंय. त्यात शिड्या होत्या, ज्वारभाटा.

क्राउडफंडिंगचं मन होत नाही. एकदा पैसे घेतले की हजारो लोकांना दिलेला शब्द आला, आणि मला गेममधल्या गोष्टी काढून टाकण्याची मोकळीक हवी आहे. मग छोटा पब्लिशर. त्या करारात नेमकं कशावर अडून बसायचं?

मसुदावाचक:

सर्वांत आधी मालकी. गेमचं नाव, पात्रं, कोड तुमच्या कंपनीच्या नावावर राहू द्या, पब्लिशरला द्या तो ठरावीक मुदतीपुरता विकण्याचा हक्क. हिदेओ कोजिमांसारख्या नावाजलेल्या गेम डिझायनरलाही हे सरळ मिळालं नाही. २०१५ च्या अखेरीस कोनामी सोडून त्यांनी स्टुडिओ काढला, सोनीच्या साथीने २०१९ मध्ये डेथ स्ट्रँडिंग आणला, आणि त्याची पूर्ण मालकी आता आमच्याकडे आहे असं स्टुडिओने जाहीर केलं ते २०२४ मध्ये. मुदत संपली की हक्क परत, हेही स्पष्ट लिहून घ्या. शेफर यांचा सायकोनॉट्स २००५ मध्ये मॅजेस्कोने बाजारात आणला, फारसा विकला गेला नाही. प्रकाशनाचे हक्क २०११ मध्ये शेफर यांच्या डबल फाइन या स्टुडिओकडे परत आले, त्यांनी तो नव्या दमाने विकायला काढला, आणि २०२१ मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

मग अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे पब्लिशरने आधी दिलेल्या पैशाची, वसुली. लोक टक्क्यांवर भांडतात आणि हे वाक्य वाचायचं राहून जातं. समजा अ‍ॅडव्हान्स १०० आणि वाटा निम्मा-निम्मा. वसुली एकूण जमेतून होणार असेल तर १०० जमल्यावर तुमचा वाटा सुरू होतो. वसुली तुमच्या वाट्यातून होणार असेल तर जमा २०० होईपर्यंत तुमच्या हाती काहीच नाही, आणि पब्लिशरला मात्र पहिल्या विक्रीपासून त्याचा वाटा मिळतो. शिवाय ही जमा दुकानाचा हिस्सा वजा जाता. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान सुरुवातीला ३० टक्के घेतं, म्हणजे २०० जमायला गेम सुमारे २८६ चा विकला जायला हवा, कर आणि परत केलेल्या प्रती वेगळ्याच. जाहिरातीचा खर्चही वसुलीत धरणार असतील तर त्याला कमाल मर्यादा घाला.

आणि दुसऱ्या भागावरचा त्यांचा हक्क. 'आधी आम्हाला विचारा' इतपत ठीक आहे. 'दुसऱ्याने देऊ केलेल्या अटींवर आम्हीच घेणार' असं असेल तर ते वाक्य खोडा, कारण मग दुसरा कुणी बोलणी करायलाच येत नाही. जे प्लॅटफॉर्म करारात नावानिशी लिहिलेले नाहीत ते तुमच्याकडे राहतात, असंही एक वाक्य टाका. मसुदा हातात आला की व्यक्तिगत संदेशात पाठवा, वाचून देतो.