डिसेंबरात नॉर्वेला जाणारी बोट, बॅगेत काय काय भरू?

देवगडचा_ओएस:
ओएस म्हणजे साधा खलाशी म्हणून पहिलंच जॉइनिंग आहे, बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारी बोट), रॉटरडॅमला चढायचंय आणि तिथून उत्तर नॉर्वेतल्या नार्विकला आयर्न ओअर (लोहखनिज) भरायला. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे गोधडी ओढून घ्यायची एवढीच, त्यामुळे काय न्यावं कळत नाहीये. आईने कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट, मेतकूट आणि खव्याच्या वड्या काढून ठेवल्यात, बॅगेत कपड्यांना जागाच नाही. गेलेल्यांनी सांगा प्लीज.

जुना_बोसन_हर्णै:
पहिलं, खव्याच्या वड्या घरीच खाऊन टाक, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, एअरपोर्टवर काढून फेकतात. कुळीथ ने, पण केबिनमध्ये किटली बहुतेक बोटींवर चालत नाही, तेव्हा चीफ कुकशी आधी दोस्ती कर. आता कपडे. जो तो पाच स्वेटर घेऊन येतो आणि केबिनमध्ये हीटरने घामाघूम होतो. थंडी मारते ती डेकवर, ती पण भिजल्यावर. आत कॉटनचं बनियन घालू नकोस, घाम धरून ठेवतं आणि मग तेच अंगावर गार पडतं, थर्मल किंवा लोकरीचं घाल. वरचा जाड सूट कंपनी देते. हातमोजे मात्र स्वतःचे तीन जोड तरी ने, एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. उघड्या हाताने रेलिंग धरू नको, कातडं चिकटतं.

मालवणी_माणूस:
अरे मेल्या, माका पयल्या खेपेक तीन दिवस बोट लागलेली 😄 आलेपाक घे भरपूर. आणि बोट लोळायला लागली की गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट सरकव, मग तू भिंत आणि गादीच्या खाचेत घट्ट बसतोस, नाहीतर झोप विसर.

देवगडचा_ओएस:
बर्फ फोडायला लावतात म्हणे, खरं का?

जुना_बोसन_हर्णै:
नार्विकचं बंदर गोठत नाही, गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी येतं तिथवर. पण मी एकदा रशियातल्या मुर्मान्स्कला गेलो होतो तेव्हा बॅरेंट्स समुद्रात लाटेचे तुषार पडल्या पडल्या रेलिंगवर, विंचवर (दोर ओढायच्या यंत्रावर) गोठत होते. दिसायला झकास, पण ते वजन सगळं वर साठतं आणि बोट उलटायची भीती, म्हणून लाकडी हातोडे घेऊन आम्ही पाळीपाळीने ठोकत होतो.

खाडीकाठची:
माझे मिस्टर दोन हिवाळे तिकडे होते. डिसेंबरात सूर्य वर येतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, बस. ते म्हणायचे, मेसमध्ये पोहे दिसले की समजायचं सकाळ झाली. व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून घेऊन जा. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की फियॉर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) बोटीवरचं नेट बंद पडेल, इंटरनेटचे बरेच उपग्रह विषुववृत्तावर असतात, तिथून ते पार क्षितिजाला टेकलेले आणि मधे डोंगर. मी पहिल्या वेळी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

मालवणी_माणूस:
आणि ऑरोराचे (रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे) फोटो काढायचे तर मोबाइल आतल्या खिशात ठेव, बाहेर काढला की थंडीने बॅटरी बसते.

जुना_बोसन_हर्णै:
हो, आणि सेफ्टी शूज एक नंबर मोठे घे रे, दोन मोजे बसले पाहिजेत. घट्ट बुटात पाय आधी बधिर होतो.

देवगडचा_ओएस:
शूज घेतलेत नेमके मापाचे 🤦 उद्या बदलून आणायला परत कणकवली. वड्या भावाने संपवायला घेतल्यात, आई सुकटीवरून मात्र अजून हटत नाहीये.