४०० किलोमीटरला सव्वा तास?

सरळरेघ (मूळ पोस्ट): दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४०० किमी. विमान ताशी ८०० नं उडतं. अर्ध्या तासाचं काम, तिकिटावर मात्र सव्वा तास. शुद्ध बनवेगिरी!

पंखेवाला: वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. ते ४०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सर्वात जवळची वाट. विमान ठरलेल्या बिंदूंवरून वळत जातं आणि वारा उलटा असला तर धावपट्टी मागे टाकून, वळसा घालून उतरतं. त्यात अशा मार्गांवर बऱ्याचदा एटीआर-७२ असतं. पंख्याचं विमान, ताशी जेमतेम ५१०. नुसतं अंतर कापायलाच पाऊण तास गेला. जेट असलं तरी १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा. शिवाय तिकिटावरची वेळ चाकांचे अडसर काढल्यापासून परत लावेपर्यंतची. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना ये-जा करायचा वेगळा रस्ता, नसला की विमान धावपट्टीवरूनच रांगत टोकाला जातं, तिथे वळतं, मग उडतं. हे तुमच्या भागाकारात कुठे बसवलंत?

उशीरलतीफ: वळसे, पंखे सगळं कबूल. फुगवाफुगवीचं काय? १५ मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर'मध्येच धरतात, वर वेळापत्रकातच चार मिनिटं जास्तीची कोंबतात. मग माइकवर 'आपण वेळेआधी पोचलोय' म्हणून पाठ थोपटून घ्यायची! आमचं विमान असंच लवकर उतरलं आणि शिडी येईना. दार बंद, एसी बंद, शेजारचे काका बॅग डोक्यावर धरून तिरके उभे.

पुढचीफ्लाइट: ती जास्तीची मिनिटं काढली की जोडविमान चुकलं म्हणून पहिली बोंब तुमचीच.

उशीरलतीफ: चुकलंच होतं! जास्तीची मिनिटं असूनही. कंपनीने हात वर केले, रात्र खुर्चीत काढली. तुम्ही कंपनीचे जावई दिसता.

पुढचीफ्लाइट: जावई असतो तर खिडकीची सीट मिळाली असती. तेच विमान दिवसभर इकडून तिकडे फिरतं. सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, तो गिळायला मोकळी वेळ लागतेच. काकांना आधी खाली बसवा.

उशीरलतीफ: काकांवर घसरू नका. गुडघे दुखतात माणसाचे.

रुळावरचा: मुळात ४०० किमीला विमान कशाला? तासभर आधी पोचा, बूट काढा, उतरल्यावर पट्ट्याशी बॅगेची आराधना करा. तेवढ्यात रेल्वेत माझी एक झोप होते.

पंखेवाला: आले! धागा कुठलाही असो, यांची गाडी फलाटावर हजर.

सरळरेघ: बरं बाबा, सव्वा तास मान्य. तुम्ही स्वतः उडवल्यासारखं सांगताय म्हटल्यावर काय बोलणार! पण अंतर मोजायच्या संकेतस्थळांवर 'उड्डाणाचा वेळ ३० मिनिटं' छापतात, त्यांना झोडा की. मलाच का?

पंखेवाला: तिथेही लिहिलंय. निदान ते उलट उत्तर देत नाहीत.