मोबाईलची बॅटरी पुन्हा हाताने काढता यायला हवी. तुमचं मत काय?

सांगावा (धागाकर्ता)

ज्या फोनची बॅटरी मालकाला स्वतः काढता येत नाही, तो फोन त्याला पुरता विकलेलाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

विषय निघाला तो आईच्या फोनवरून. आई कराडला असते. तिच्या फोनच्या स्क्रीनवर ओरखडा नाही. व्हॉट्सॲप, यूट्यूब, बँकेचं ॲप सगळं सुरळीत चालतं. फक्त सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी मान टाकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "या मॉडेलची बॅटरी मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घेऊन टाका." टायर झिजले म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही, मग फोनच्या बाबतीत आपण हे मुकाट्याने का ऐकून घेतो?

लिथियम-आयन बॅटरी झिजणार हे सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच जुन्या फोनमध्ये ती बदलायची सोय असायची. नोकिया ११०० आठवा. २००३ साली आला, जगभर २५ कोटींहून जास्त विकला गेला. मागचं झाकण सरकवायचं, नखाने बीएल-५सी नावाची बॅटरी उचलायची, नवी टाकायची. हीच बॅटरी नोकियाच्या कितीतरी मॉडेलांना चालायची, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही मोबाईलच्या टपरीवर मिळायची. २००७ च्या आयफोनने बॅटरी आत कोंडली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला.

बंदरपाखाडी

साफ असहमत. मी मालवणात बोटींवर काम करतो. माझ्या फोनवर रोज पाणी उडतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. पूर्वी आमच्याकडे जून ते सप्टेंबर फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरायची पद्धत होती. आता तसंच खिशात टाकतो, कारण फोन बंद आहे, चिकटवलेला आहे. झाकण म्हटलं की फट आली आणि फट म्हटली की पाणी शिरलंच. बॅटरी तीन-चार वर्षांनी एकदा बदलायची असते, पाऊस दरवर्षी येतो.

सांगावा

@बंदरपाखाडी, तुमची गरज खरी आहे, पण फट म्हणजे पाणी हे गणित चुकतंय. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ (२०१४) आयपी६७ होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा, आणि त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं. पुढच्याच वर्षी एस६ आला तो काचेच्या पाठीचा, बंद बॅटरीचा, आणि वर पाण्यापासूनचं संरक्षणही नाही! तेव्हा बॅटरी पाण्यासाठी कोंडली हे कारण नंतर जोडलेलं आहे.

बंदरपाखाडी

एस५ माझ्या मेहुण्याकडे होता. दर वेळी चार्जर काढला की स्क्रीनवर सूचना यायची, चार्जिंगचं झाकण नीट बंद करा. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची बारीक कड असायची, तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी संपलं. आमच्याकडे वाळूला तोटा नाही. शिवाय आयपी६७ ची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी आत गेलं तर बोर्ड दोन दिवसांत हिरवा पडतो. कागदावर टिकणं वेगळं, किनाऱ्यावर टिकणं वेगळं.

रोहित्र

विद्युत अभियंता म्हणून थोडं लिहितो.

हाताने काढायची बॅटरी असली की तिला टणक कवच लागतं, कारण ती खिशात फिरणार, खाली पडणार, किल्ल्यांना घासणार. हल्लीच्या फोनमध्ये असतो तो मऊ पाऊच, चांदीच्या रंगाच्या पाकिटासारखा. कवच नाही, झाकण नाही, स्प्रिंगचे संपर्क नाहीत, ती सगळी जागा बॅटरीला मिळते. आज साध्या फोनमध्येही ५००० एमएएच क्षमतेची बॅटरी बसते ती थोडीफार त्यामुळेच. ५जी आणि मोठ्या स्क्रीनच्या काळात ही जागा मोलाची आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. टपरीवर बॅटरी मिळायची म्हणता, पण त्यातल्या अस्सल किती होत्या? पाकिटावर नाव नोकियाचं आणि आत संरक्षक सर्किटचा पत्ता नाही, असा माल सर्रास मिळायचा. आणि अस्सलचं म्हणाल तर ऑगस्ट २००७ आठवतो का? मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी चार्जिंगच्या वेळी तापू शकतात म्हणून नोकियाने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची घोषणा केली होती. घरोघरी लोक फोन उघडून बॅटरीवरचे आकडे वाचत बसले होते.

सांगावा

@रोहित्र, २००७ चं उदाहरण तुम्हीच दिलंत ते फार बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे.

तेव्हा ग्राहकाने काय केलं? झाकण उघडलं, बॅटरीवरचा क्रमांक पाहिला, त्या गटातली असेल तर फक्त बॅटरी बदलून घेतली. फोन, सिम, नंबर, फोटो सगळं जागच्या जागी. आता २०१६ चा गॅलेक्सी नोट ७ घ्या. दोषी भाग तोच, बॅटरी. पण ती आत कोंडलेली, म्हणून अख्खे फोन परत मागवावे लागले, पहिल्या फेरीतच सुमारे २५ लाख. बदलून दिलेल्या फोनमध्येही दुसऱ्या उत्पादकाची बॅटरी वेगळ्या कारणाने पेटली, आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद करावं लागलं. विमानात तो फोन चालू करायला आपल्या डीजीसीएनेही (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मनाई केली होती. एका सदोष भागापायी लाखो चांगल्या स्क्रीन, कॅमेरे, बोर्ड वाया. एवढ्या मोठ्या आणि श्रीमंत कंपनीला जिथे ही किंमत मोजावी लागली, तिथे आईच्या फोनचं काय होणार?

नकली मालाबद्दल: अस्सल बॅटरी वाजवी दरात सहज मिळाली तर नकली कोण घेईल? कंपनी देत नाही म्हणून तर माणूस टपरीवर जातो.

सोल्डर_आणि_संयम

पुण्यात तपकीर गल्लीच्या जवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बंद बॅटरी बदलणं म्हणजे नेमकं काय असतं ते सांगतो, मग वाद घाला.

फोन आधी हीटिंग मॅटवर ठेवायचा, पाठीचा गोंद मऊ होईपर्यंत. जास्त तापला तर बॅटरीला धोका, कमी तापला तर काच तडकणार. मग सक्शन कप लावून केसभर फट पाडायची, फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी घालून कडेकडेने फिरवायची. पट्टी जरा खोल गेली की फ्लॅश किंवा फिंगरप्रिंटची केबल तुटते. पाठ निघाली की स्क्रू, पत्रा, कनेक्टर. त्यानंतर खरी परीक्षा, कारण बॅटरी फ्रेमला पुन्हा चिकटवलेली. ओढायची पट्टी असेल तर नशीब. ती मध्येच तुटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडायचे, थांबायचं, आणि सपाट पट्टीने हळूहळू उचलायची. धातूचं हत्यार वापरलं आणि पाऊचला भोक पडलं तर आतले थर एकमेकांना टेकतात आणि क्षणात धूर. आमच्या टेबलाशेजारी वाळूची बादली कायम भरलेली असते.

हे सगळं गोंदामुळे. बॅटरी फोनच्या आत आहे म्हणून माझी अजिबात तक्रार नाही. झाकण नखाने निघावं असा माझा हट्ट नाही. चार साधे स्क्रू आणि एक गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कड, द्या, दहा मिनिटांचं काम आहे.

अजून एक. काही फोनमध्ये नवी बॅटरी घातली की सेटिंगमध्ये सूचना येते, हा भाग अस्सल आहे की नाही ओळखता येत नाही. आयफोनमध्ये २०१९ पासून हे सुरू झालं. गिऱ्हाईक ती सूचना वाचून आमच्याकडे संशयाने बघतं.

वैदर्भी

इथे सगळे पाण्यावर बोलत आहेत, उन्हावर कोणीच नाही. मी नागपूरची. बॅटरीला पाण्यापेक्षा ऊन जास्त मारतं. ॲपलने स्वतः लिहून ठेवलंय की फोन ० ते ३५ अंश हवेत वापरा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला भिडतो. दुचाकीच्या हँडलला फोन लावून, मॅप चालू ठेवून, वर पॉवर बँक जोडून दिवसभर फिरणारी डिलिव्हरीची मुलं बघा. त्यांच्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत फुगतात. कंपन्या सांगतात त्या चार्जिंगच्या फेऱ्यांचा हिशेब प्रयोगशाळेत, वीस-पंचवीस अंशांना केलेला असतो. थंड देशातल्या माणसाला बॅटरी पाच वर्षं पुरत असेल, आमच्या पोरांना नाही पुरत. फोन हेच ज्यांचं पोटापाण्याचं हत्यार आहे त्यांनी दर दोन वर्षांनी नवा घ्यायचा का? बॅटरी बदलण्याची सोय सगळ्यात जास्त गरजेची आहे ती आपल्यासारख्या हवेत.

रोहित्र

@वैदर्भी, तापमानाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यात भर एवढीच की पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उष्णतेत आणखी लवकर खराब होते. हल्ली बऱ्याच फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती या मुलांना चालू करून द्या. आणि फोन उन्हात तापलेला असताना पॉवर बँक लावू नका, सावलीत पाच मिनिटं थांबवा.

माणदेशी

भारनियमनाचा काळ आठवला. बारा-बारा तास लाईट नसायची. त्यावेळी आमच्याकडे एक बॅटरी फोनमध्ये आणि एक खिशात असायची. वीज आली की युनिव्हर्सल चार्जर भिंतीला. त्या चिमट्याच्या दोन पिना बॅटरीच्या पितळी टोकांवर नेमक्या सरकवायच्या, लाल-निळे दिवे लुकलुकले की बसली म्हणायची. फोन चार्जिंगला अडकून राहायचा नाही, मोटारीला लाईट आली का विचारायला हातात मोकळा. दुसरी बॅटरी हीच आमची वीज होती.

रोहित्र

त्या चिमटा-चार्जरना चार्ज पूर्ण झाल्यावर थांबायचं भान नसायचं हो, कित्येक बॅटऱ्या त्यांनीच फुगवल्या. आता पॉवर बँक आहे, तेच काम जास्त सुरक्षितपणे होतं.

माणदेशी

पॉवर बँकेने मेलेली बॅटरी जिवंत होत नाही, साहेब.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इकडच्या कायद्याचा उल्लेख अजून आला नाही म्हणून थोडक्यात. युरोपीय संघाचा बॅटरी कायदा २०२३ मध्ये झाला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांमधल्या छोट्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता यायला हव्यात. स्मार्टफोनसाठी वेगळे नियम २० जून २०२५ पासून लागू झालेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि खोक्यासोबत येणाऱ्या लेबलवर दुरुस्तीसाठी ए ते ई अशी श्रेणी छापलेली असते. दुकानात मी आता कॅमेऱ्याआधी ती श्रेणी बघतो.

पण एक सवलत आहे. चार्जिंगच्या ५०० फेऱ्यांनंतर किमान ८३ टक्के आणि १००० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली, आणि फोन धूळ व पाण्यात टिकणारा असला, तर बॅटरी घरी बदलता येण्याची अट नाही. मग ती दुरुस्तीवाल्याला बदलता आली की पुरे.

बंदरपाखाडी

म्हणजे युरोपनेही माझंच ऐकलं! पाण्यात टिकणारा आणि बॅटरी टिकाऊ असलेला फोन बंद राहू द्या.

सांगावा

ऐकलं, पण फुकट नाही. बदल्यात हजार फेऱ्यांची हमी मागितली आणि सात वर्षं सुटे भाग द्यायला लावले. आपल्याकडे यातलं काय आहे? ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे, माहिती एका जागी मिळते. पण माहितीने बॅटरी मिळत नाही. कराडच्या माणसाला भाग किती दिवसांत मिळणार, कितीला मिळणार आणि किती वर्षं मिळत राहणार, याचं बंधन हवं.

आणि पाण्यात टिकणारा, तरी बॅटरी निघणारा फोन आजही बनतो. सॅमसंगचाच गॅलेक्सी एक्सकव्हर ७ आयपी६८ आहे, बॅटरी हाताने निघते, २०२४ मध्ये भारतातही आला. तो कंपन्यांच्या कामगारांसाठी म्हणून विकतात, तुमच्या-आमच्या दुकानात दिसत नाही.

रोहित्र

दहा मिलिमीटरच्या वर जाड आहे तो. लोक पातळ फोन मागतात हेही मान्य करा. सक्तीने सगळ्यांवर जाड फोन लादायला माझा विरोध कायम आहे. सुटे भाग आणि दर यांच्या बंधनाला मात्र पूर्ण पाठिंबा.

वैदर्भी

लोक काय मागतात? पातळ फोनवर सगळेच जाड कव्हर चढवतात. आमच्या मुलांना विचारा, ते टिकणारा मागतात.

सांगावा

मी ग्राहक व्यवहार खात्याला पत्र लिहायला घेतलंय. तीन मागण्या: बॅटरी गोंदाऐवजी स्क्रूने किंवा ओढून निघणाऱ्या पट्टीने बसवावी, विक्री थांबल्यावर किमान सात वर्षं अस्सल बॅटरी छापील दरात मिळावी, आणि अस्सल बॅटरी बाहेरच्या दुकानात बसवली तरी फोनने संशयाची सूचना दाखवू नये. चौथी, वैदर्भीच्या मुद्द्याची: बॅटरीच्या आयुष्याचा आकडा आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या तापमानालाही मोजून खोक्यावर छापावा. @सोल्डर_आणि_संयम, तांत्रिक भाषा तपासून द्याल का?

सोल्डर_आणि_संयम

देतो. आणि तोवर सगळ्यांना एक विनंती. फोनची पाठ किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली की बॅटरी फुगलीय असं समजा. दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, उशीखाली ठेवू नका. बंद करून दुकानात आणा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

बंदरपाखाडी

स्क्रू चालतील मला. पण पत्रात गॅस्केटही लिहा. बॅटरीसोबत नवी गॅस्केट त्याच पाकिटात मिळाली पाहिजे, आणि बदलल्यावर पाण्याची चाचणी करून देण्याची जबाबदारी सर्व्हिस सेंटरची. एवढं असेल तर माझी सही घ्या.

सांगावा

पाचवी मागणी म्हणून टाकली. मसुदा रविवारी इथेच चिकटवतो.